हीट पंपाला घातलेली चादर

सोलापुरात भवानी पेठेतल्या ज्या इमारतीच्या गच्चीवर मी राहत होते, तिथं आधी माग होते. खाली चोवीस माग खडखडायचे आणि एका कोपऱ्यात आम्ही बायका कांड्या भरत बसायचो. धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी म्हणजे कांडी. होटगीत चौथीपर्यंत शिकले, लग्न होऊन शहरात आले आणि कांड्या भरायला बसले. उठले तेव्हा केस पांढरे झाले होते, नवरा गेला होता आणि लेक दुधनीला नांदत होती. पुढं चादरींना गिऱ्हाईक राहिलं नाही. मालकानं माग भंगारात काढले, भिंतींना गुलाबी रंग दिला आणि मुलींचं वसतिगृह काढलं. सगळ्यांना घरी पाठवलं. मला ठेवलं. मायेनं नाही. चाळीस मुलींना सकाळी अंघोळीला गरम पाणी लागतं, आणि पहाटे चारला उठून दोन मोठे बंब पेटवायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

कामाबरोबर गच्चीवरची खोली मिळाली. पत्र्याची, एक खाट आणि एक स्टोव्ह मावेल एवढी. उन्हाळ्यात भट्टी. पण तिला आतून कडी होती. माहेरी आठ माणसांत झोपले, सासरी स्वयंपाकघरात झोपले. आतून कडी लावून झोपायची जागा मला साठी ओलांडल्यावर मिळाली. ती सोडायची नाही, एवढंच मला म्हातारपणी पाहिजे होतं. पुढं जे झालं ते सगळं त्या खोलीपायी.

वसतिगृहाचा कारभार मालकाची सून बघायची. तिचा माझ्या खोलीवर डोळा होता. तिथं आणखी दोन मुली राहतील, असं ती सासऱ्याला सारखं सांगायची. माझ्यासमोरच सांगायची, त्यांच्या घरच्या तेलुगूत. मला कळत नाही असं तिला वाटायचं. चाळीस वर्षं तेलुगू बायकांच्या मांडीला मांडी लावून कांड्या भरल्या, मला कळणार नाही? समोर मला ती मावशी म्हणायची आणि तेलुगूत मुसलम्मा, म्हणजे म्हातारी. मी मान खाली घालून झाडू मारत राहायचे. आपल्याला कळत नाही असं समोरच्याला वाटलं की तो जास्त बोलतो.

बंबांच्या धुराबद्दल शेजारी भांडायला लागले, तेव्हा मालकानं गच्चीवर हीट पंप आणून बसवला. कपाटाएवढी पेटी, एका बाजूला बारीक पत्र्यांची जाळी, वर पंखा, शेजारी पाण्याची मोठी टाकी. बसवायला आलेला मिस्त्री म्हणाला, ह्यात काही जळत नाही. बाहेरच्या हवेतली ऊब हा ओढून घेतो आणि पाण्याला देतो. मला वाटलं, हा आम्हाला बनवतोय. डिसेंबरच्या पहाटे हवेत कुठली आलीय ऊब? पण पाणी तापलं. आणि पेटीतून जो वारा बाहेर पडायचा तो गार होता. ऊब काढून घेतल्यावर राहिलेला वारा. एप्रिलात परीक्षा असायच्या, मुली सुट्टीला गेलेल्या नसायच्या, तेव्हा पंप दुपारीही तासभर चालायचा. मी खाट त्याच्यासमोर ओढायचे आणि पाय पसरून बसायचे. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या दारात बसून मी गार वारा खाल्लाय. ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुनेनं खुर्ची आणून तिथं स्वतः बसायला कमी केलं नसतं.

बंब तांब्याचे होते, ते विकले. मी विचारलं, "मालक, आता माझं काय?"

मालक मला अक्का म्हणायचे. वयानं माझ्याएवढेच. म्हणाले, "तुझं काय म्हंजे? जिने पूस, गच्ची झाड, पंपाकडं ध्यान ठेव. पंप नीट हाय तवर तू हितंच की."

पंप नीट आहे तोवर. हे मी पक्कं ध्यानात ठेवलं. त्या दिवसापासून त्या पेटीला मी रोज पुसायला लागले. देव्हारा सुद्धा मी रोज पुसत नाही.

आता पुसण्याचं सांगते. मागाला तेल लागतं, आणि ते तेल चादरीवर पडलं की चादर नापास. मालक ती उचलून ज्याच्या त्याच्या अंगावर फेकायचे. सगळ्या शेडसमोर. त्यामुळं तेल दिसलं की आम्हा माणसांचा हात आपोआप फडक्याकडं जातो. माझा अजून जातो. पंपाच्या मागच्या बाजूला तांब्याच्या दोन नळ्या जोडल्या होत्या, तिथं एक चिकट काळपट डाग पडायचा. भाद्रपदात पहिल्यांदा दिसला. मी पुसला. दोनचार दिवसांनी परत आला. परत पुसला. असं चालू राहिलं. तांबं कसं लख्ख दिसायचं.

दसऱ्यानंतर मुलींच्या चाचण्या होत्या, पंप दुपारीही चालायचा. एका दुपारी उन्हातून गच्ची झाडली आणि घाम वाळवायला पंपासमोर उभी राहिले. वारा आला, पण गार नव्हता. नुसता वारा. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी खाली जाऊन मालकांना सांगितलं.

"मालक, पंपाचा वारा पयल्यासारखा गार लागंना."

"मग चांगलं की. थंडी आली. तुला कशाला गार वारा?"

"तसं न्हवं. कायतरी बिनसलंय त्याचं."

"पाणी तापतंय का न्हाय?"

"तापतंय."

"मग? अक्का, तुझा बंब गेला म्हणून तू त्याच्यावर डूख धरून हायस बघ."

सून हसली. मी वर आले.

दिवाळीची सुट्टी संपून मुली आल्या. पहाटे चारला चालू होणारा पंप पूर्वी दूधवाला यायच्या आत बंद व्हायचा, म्हणजे पाणी तापलं की आपणहून थांबायचा. आता दूधवाला येऊन जायचा, पेपरवाला येऊन जायचा, पंप आपला चालूच. आवाजही बदलला. चोवीस मागांतला कुठला माग बिघडणार हे आम्हाला आदल्या दिवशी आवाजावरून कळायचं. आम्ही जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, सांगायचो. तो म्हणायचा, बायकांनो, कांड्या भरा. आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन त्याच मागाखाली झोपलेला असायचा. पंपाचा आवाज घोगरा झाला होता. चालू होताना दोनदा गचके द्यायचा आणि मग कण्हत राहायचा. माझ्या उशीपासून तो सहा पावलांवर होता. मला नाही कळणार तर कुणाला?

ह्या खेपेला मी सुनेला सांगितलं.

"वैनी, मिस्त्रीला एकडाव दाखवा. आवाज बरा न्हाय."

"मावशी, मशीन म्हटल्यावर आवाज येणारच की. तुमी कानात कापूस घाला."

मग मुलींची कुरकुर सुरू झाली. पहिल्या दहाजणींना गरम पाणी मिळायचं, पुढच्यांना कोमट. एक मुलगी बादली घेऊन वर माझ्याकडंच आली. "आजी, हात घालून बघा. हे गरम हाय व्हय?" मी हात घातला. पाणी हाताइतकंच कोमट होतं. सुनेनं त्या मुलीला जिन्यातच गाठलं. "रोज केस धुता. टाकी हाय ती, विहीर न्हाय." मुलगी बादली घेऊन खाली गेली. मुलींना गप करायला फार वेळ लागत नाही.

पेटीवर एक छोटी काच होती, तिच्यात आकडे दिसायचे. त्यात एक दिवस इंग्रजी अक्षर आलं आणि पंप थांबला. सून वर आली, भिंतीवरचा खटका खाली केला, वर केला. पंप चालू झाला. तिनं माझ्याकडं बघितलं. बघा, किती सोपं, असं. पुढं ते अक्षर दर दोन दिवसांनी यायला लागलं, आणि वर यायचा कंटाळा आला तेव्हा तिनं खटक्याचं काम मला दिलं. यंत्र काहीतरी सांगतंय आणि आपण त्याचं तोंड दाबतोय, हे मला कळत होतं. पण पंप बंद म्हणजे माझी खोली बंद. मी खटका खालीवर करत राहिले.

डिसेंबरात एका सकाळी जाळीच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं. आधी वाटलं कापूस चिकटलाय. बोट लावलं तर बर्फ. सोलापुरात गच्चीवर बर्फ. मी मालकांना हाक मारली. ते गुडघा धरत तीन जिने चढून आले, मागून सून आली.

मालकांनी हात लावला आणि झटकला. "लई गार पडलंय गं हे."

"तेच सांगत हुते. दसऱ्यापास्नं सांगते."

"अगं, उघड्यावर हाय की बिचारं. वारं खातंय सारी रात." मालक वाकून त्या पेटीकडं असं बघत होते, जसं लोक आजारी बैलाकडं बघतात. "थंडी वाजतीय त्याला."

मला वाटलं चेष्टा करतायत. सुनेलाही वाटलं असावं. पण ते खाली गेले आणि एक चादर घेऊन परत आले. त्यांच्या स्वतःच्या मागावरची. माग भंगारात गेले तेव्हा शेवटच्या काही चादरी त्यांनी कपाटात ठेवल्या होत्या. मोरांची नक्षी, दोन्ही बाजूंनी वापरायची, जाड. मला ओळखू आली. तिच्या कांड्या आम्हीच भरल्या होत्या. अकरा हिवाळे मी त्या पत्र्याखाली काढले होते. त्या कपाटातली एकही चादर तीन जिने चढून माझ्याकडं आली नव्हती.

"बांध ही त्याला, अक्का. चांगली गुंडाळून."

"मालक, त्याला वारा लागतो. त्यो वाऱ्यातनंच ऊब घेतो, मिस्त्री म्हनला हुता."

"अगं, म्हणून तर. त्यालाच थंडी वाजली तर पाण्याला ऊब कुठनं देईल?"

सून म्हणाली, "मावशी, मामंजी सांगतात ते करा की. तुमाला काय इंजिनेर केलंय?" आणि मग तेलुगूत मालकांना म्हणाली, की म्हातारीला आता काम नको झालंय, उन्हाळ्यापर्यंत हिला गावाला लावून देऊ.

मालक नाही म्हणाले नाहीत.

मी चादर बांधली. जाळीवरून घेतली, मागं ओढली आणि मागावर सूत तुटलं की मारतात ती गाठ मारली. ती ओढावी तेवढी घट्ट होते. चूक आहे हे मला ठाऊक होतं. तिथं उभं राहून, नाही बांधत जा, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. आतून लावायच्या कडीसाठी मी जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून खराब काम केलं.

चार दिवस पंप चादरीत गुरगुरला. पाचव्या दिवशी पहाटे करपल्याचा वास आला आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा पंप गप होता. चादरीला हात लावला, आतून गरम लागली. मुलींच्या परीक्षा चालू होत्या. सहा वाजता जिन्यात बादल्यांची रांग लागली. कुणी गार पाण्यानं अंघोळ करून शिंकत होती, कुणी फोनवर घरी सांगत होती. दुपारपर्यंत दोघींचे वडील आले आणि त्यांनी मालकांना ऑफिसात बसून मोठ्या आवाजात विचारलं, की पाण्याचं सांगून पोरी ठेवून घेतल्या ते काय झालं? मालकांचं तोंड मागावरून नापास चादर उतरावी तसं झालं होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मिस्त्री संध्याकाळी आला. बसवायला आलेलाच. गच्चीवर पाय ठेवला आणि थांबला.

"अरे बाप रे! मशीन को चादर उढाये!" मग आमच्याकडं वळून मराठीत म्हणाला, "हे कुणी बांधलं?"

मालक टाकीकडं बघायला लागले. सून म्हणाली, "मावशीनं."

"मालकांनी सांगितलं म्हणून बांधली," मी म्हणाले.

मिस्त्रीनं गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटली नाही. त्यानं सुरीनं कापली. पेटी उघडली, आत नाक घालून वास घेतला, तारा लावून काहीतरी तपासलं आणि उकिडवा बसला.

"कॉम्प्रेसर जळाला. चादरीनं मारलं त्याला. पण दुखणं जुनं हाय. नळ्यांत फिरणारा गॅस गेलाय सगळा, चार महिन्यांपासनं हळूहळू गेला असंल. वारा गार यायचा बंद झाला असंल बघा. तास न् तास चालत असंल. अक्षरं दाखवली असतील. बर्फ धरला असंल."

तो बोलत होता आणि मी मालकांकडं बघत होते. एकेक, घडलं त्याच क्रमानं. मालकांनी वर बघितलं नाही.

मग मिस्त्री मागच्या बाजूला गेला. त्यानं तांब्याच्या जोडावर साबणाचा फेस लावला, हातपंपानं नळीत हवा भरली. फेसात बुडबुडा आला.

"हितनं गेला. नट ढिला झालाय. गॅस डोळ्याला दिसत न्हाय, पण त्याच्यासंगं तेल बाहेर येतं. हितं काळा डाग दिसाया पायजे हुता. पावसाळा सरताना सर्व्हिस केली तवा मी बघितलं हुतं, हितं चकाचक हुतं. म्हणून मी बी सोडून दिलं." त्यानं बोट फिरवून बघितलं आणि माझ्याकडं वळला. "अम्मा, हितं कदी तेल दिसलं का तुमाला?"

गच्चीवर आम्ही चौघं होतो. नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. डाग मी पुसला होता, साक्षीदार कुणी नव्हता. खोली राहिली असती की नाही ते माहीत नाही, पण निदान बोट माझ्याकडं आलं नसतं. खोटं बोलायचं मला वावडं नाही. पोट भरायला मी पुष्कळ खोटं बोलले आहे. पण चाळीस वर्षं मी तेल पुसलं होतं आणि माझ्या कामात कुणाला डाग सापडला नव्हता. ते काम मी केलंच नाही, असं माझ्या तोंडून निघेना.

"दिसलं की," मी म्हणाले. "भाद्रपदापास्नं. मीच पुसत हुते."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अम्मा, त्योच तर निरोप हुता त्याचा."

वारा गार नाही म्हणून सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. आवाज घोगरा झाला म्हणून सांगितलं, कापूस घाला म्हणाले. बर्फ दाखवला, त्यावर चादर आली. दसऱ्यापासून मी बोलत होते ते हवेत गेलं. आणि ही एक गोष्ट कबूल केली, तर ती मात्र सगळ्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आली.

सून मालकांना म्हणाली, "चूशारा?" म्हणजे, बघितलंत ना? आणि पुढं तेलुगूतच, की ह्या म्हातारीनं मशीन मारलं, आता तरी हिला काढा.

मालकांनी होय म्हणून मान हलवली.

मी तिच्याकडं बघून म्हणाले, "नाकु अंता अर्थमवुतुंदि." मला सगळं कळतं.

अकरा वर्षांत माझ्यासमोर काय काय बोललो, ते ती आठवायला लागली असणार. बराच वेळ लागला असता तिला. मिस्त्री खाली मान घालून पाने गोळा करायला लागला. तो सोलापूरचाच, त्यालाही तेलुगू कळत होतं. त्या सगळ्या वर्षांत मला एवढं एक सुख मिळालं. खोली गेली.

आठवड्यानं मी निघाले. खाट मालकांची होती, ती ठेवली. स्टोव्ह आणि एक पेटी एवढंच माझं. मालक खाली दारात उभे होते. हातात ती चादर, एका कोपऱ्याला करपलेली, मधे तेलाचा मोठा डाग.

"अक्का, घेऊन जा ही. थंडी हाय."

म्हणजे नापास चादर ज्याच्या त्याच्या अंगावर. एवढंच की ह्या खेपेला फेकली नाही, हातात दिली. माझ्या जागी मानी बाई असती तर तिनं ती तिथंच टाकली असती. मी घेतली. थंडी होतीच.

लेकीकडं राहायला जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. तिची सासू जिवंत आहे. मी आता होटगीला बहिणीच्या मुलाकडं असते. पडवीत झोपते, पडवीला दार नाही. भाचा आणि त्याची बायको वाईट नाहीत. दोन वेळ जेवायला देतात आणि फार बोलत नाहीत. त्यांच्याकडं एक फ्रिज आहे, तो पडवीच्या भिंतीपलीकडंच. पूर्वी थोडा वेळ घरघरून गप व्हायचा. गेल्या आठवड्यापासून तो थांबत नाही. दिवसभर चालू, आणि मधे मधे गचका देतो. भाच्याची बायको काल म्हणत होती, दूध कसं काय नासलं कोण जाणे.

मी काही बोललेले नाही. त्याच्या मागं जाऊन बघितलेलंही नाही.